स्वीटनरची पुडी गोड लागली, पण शुगरचं काय? घरच्या घरी मोजून बघण्याची माझी पद्धत

धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तू सांगितलेलं ते बिनसाखरेचं चॉकलेट खाल्लं. शुगर जराही हलली नाही. तुझीच कशी वाढते गं?"

आम्ही सख्ख्या बहिणी. दोघींना टाइप २ मधुमेह, दोघींना मेटफॉर्मिनची तीच मात्रा. चॉकलेट एकाच पाकिटातलं, दोघींनी मोजून आठ-आठ तुकडे खाल्लेले. माझी शुगर तासाभरात १११ वरून १४३ वर गेली आणि तिची १०४ वरून १०९. तिचं पोट मात्र संध्याकाळपर्यंत फुगलेलं होतं, माझ्या पोटाला काहीच झालं नाही.

मला मधुमेह होऊन आठ वर्षं झाली. त्याआधीची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे वही आणि आकडे यांवर माझा भरवसा जास्त. "कोणता स्वीटनर, म्हणजे साखरेला गोड पर्याय, चांगला?" हा प्रश्न मी आता कोणाला विचारत नाही. अमुक पदार्थ माझ्या अंगात काय करतो, एवढंच मी मोजते. ते कसं मोजायचं, कुठे फसायला होतं आणि घरच्या यंत्रावर काय दिसतच नाही, हे बहिणीसाठी लिहून काढलं होतं. तेच इथे जरा विस्ताराने देते.

आधी स्वीटनरच्या पुडीची मागची बाजू वाचा

ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असतं आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट. म्हणजे एका कपाला लागणारी खरी मात्रा काही मिलिग्रॅमच असते. ती चिमटीतसुद्धा येणार नाही. म्हणून पुडी भरण्यासाठी त्यात दुसरं काहीतरी घालावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिनही पोटात जवळजवळ तितक्याच वेगाने ग्लुकोज होतं. एक ग्रॅमच्या पुडीत वजनाने सर्वात जास्त असतो तो हाच भराव.

मला हे फार विचित्र रीतीने कळलं. सकाळी पुडी फाडून कपात घातली, बोटं तशीच पुसली आणि लगेच टोचून रीडिंग घेतलं. आकडा आला १८७. मी हादरले, कारण अजून एक घोटही घेतला नव्हता. साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं, तेव्हा ११८. पट्टीला रक्ताचा इवलासा थेंब लागतो. त्यात बोटावरची ग्लुकोजची पूड मिसळली की यंत्र तीही मोजतं. त्या दिवसापासून पुडी फाडण्याचं काम मी रीडिंग घेतल्यावर करते. फळ सोलल्यावरही अशीच फसगत होते. स्पिरिटचा बोळा फिरवण्यापेक्षा हात साबणाने धुणं चांगलं.

एका पुडीतल्या भरावाने शुगर फारशी हलत नाही. पण दिवसाला आठ-दहा पुड्या घेणाऱ्याने तो जमेस धरावा. "साखरेऐवजी चमच्याला चमचा" अशी हलकी, फुगीर पूड मिळते, तिच्याकडे तर जास्तच लक्ष द्या. केक करताना ती कपभर घातली जाते. माल्टोडेक्स्ट्रिनवाल्या अशा कपभर पुडीत वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं सहज निघतात. भराव नको असेल तर थेंबांच्या बाटलीतला द्रव किंवा छोट्या गोळ्या बऱ्या. तरी घटकांची यादी वाचायचीच.

दुसरं कुटुंब शर्करा-अल्कोहोलांचं. नावात अल्कोहोल असलं तरी नशेशी त्याचा संबंध नाही. हे सगळे एका माळेचे मणी नाहीत. एरिथ्रिटॉलचा बहुतेक भाग लहान आतड्यातून रक्तात जातो आणि काही न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. त्याने ग्लुकोज वाढत नाही. माल्टिटॉलचं तसं नाही. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे पदार्थ रक्तातली शुगर किती वाढवतो याचा आकडा. ग्लुकोज १०० धरला तर माल्टिटॉलचा हा इंडेक्स ३५ च्या आसपास, त्याच्या पाकाचा ५० च्या वर, आणि साध्या साखरेचा ६५. म्हणजे माल्टिटॉलचा पाक साखरेपासून फार लांब नाही. बिनसाखरेची चॉकलेटं, बिस्किटं, गोळ्या यांत बहुतेक वेळा हाच असतो, कारण त्याची चव आणि पोत साखरेच्या सर्वात जवळ जातो.

आम्हा बहिणींच्या चॉकलेटचं कोडंही बहुधा इथेच सुटतं. माल्टिटॉल आतड्यात फुटला की ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल होतात. किती फुटतो आणि किती शोषला जातो, हे माणसागणिक बदलतं. जो शोषला जात नाही तो मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू त्याला आंबवतात आणि पोट फुगतं. माझ्यात जास्त शोषला गेला असावा, म्हणून शुगर वाढली. तिच्यात खाली गेला असावा, म्हणून वायू धरला. पाकिटावर "निव्वळ कर्बोदके" असा मोठा आकडा छापलेला असतो. तो काढताना हे सगळे पदार्थ शून्य धरून वजा केलेले असू शकतात. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असतील तर मी त्यांची निम्मीच मात्रा वजा करते.

फ्रुक्टोजबद्दल थोडक्यात. त्याने रक्तातलं ग्लुकोज कमी वाढतं हे खरं, पण उष्मांक साखरेइतकेच आणि सगळा भार यकृतावर. मधुमेही माणसाने साखरेला पर्याय म्हणून ते घ्यावं असं मला वाटत नाही.

एक "टेस्ट" झाली, आता दुसरी

सुक्रालोज १९७६ साली लंडनमध्ये सापडलं. संशोधक विद्यार्थी शशिकांत फडणीस यांना एक संयुग तपासायला सांगितलं होतं. त्यांनी ते चाखायला सांगितलं असं ऐकलं आणि चाखलं. इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत, आपण दोन्ही "टेस्ट" असेच लिहितो. मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण चाखणारी टेस्ट आपण सगळेच करतो आणि तपासणारी टेस्ट राहून जाते.

त्या तपासणीला लागतं काय? ग्लुकोमीटर, एकाच डब्यातल्या न संपलेल्या मुदतीच्या पट्ट्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, घड्याळ आणि वही. इन्सुलिन किंवा शुगर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर उपाशीपोटी दोन तास थांबण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात हे प्रयोग करू नका. आणि प्रयोगासाठी कोणतंही औषध स्वतःहून थांबवू नका.

पहिल्या तीन सकाळी काहीच तपासायचं नाही. उठल्यावर साधं पाणी, एक पेला. पिण्याआधी एक रीडिंग, मग ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी. बसून राहायचं, चालायला जायचं नाही, चहा-कॉफी नाही. माझ्या तीन दिवसांची सरासरी अशी आली: ११२, ११६, १२१, ११८, ११४. पोटात पाण्याशिवाय काही नसताना शुगर ९ ने वर जाऊन खाली आली! पहाटेपासून शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत ग्लुकोज सोडतं, त्याचा हा परिणाम. मी थेट स्टीव्हियापासून (हा एका झाडाच्या पानांतून काढलेला स्वीटनर) सुरुवात केली असती, तर ही वाढ त्याच्या नावावर टाकून मोकळी झाले असते. पाण्याचे तीन दिवस बहुतेक लोक कंटाळून गाळतात. ते गाळले तर पुढच्या एकाही आकड्याला अर्थ राहत नाही.

मग तोच पेला, तेवढंच पाणी, त्यात तुम्ही एका वेळी खरोखर घेता तेवढा साखरेचा पर्याय. तोही तीन सकाळी. झोप बिघडली असेल, ताप असेल, स्टेरॉइड चालू असेल तर तो दिवस सोडून द्या. एका वेळी एकच पदार्थ. सुक्रालोजचे थेंब घातलेल्या पाण्यावर माझी सरासरी ११३, ११५, ११९, ११८, ११५ आली. म्हणजे पाण्यासारखीच. चार पुड्या एकदम घातल्या, तेव्हा ३० मिनिटांचा आकडा तिन्ही दिवस १२५ च्या आसपास होता, पाण्याच्या दिवसांपेक्षा नऊ-दहाने वर. गोडी दोन्हीकडे सुक्रालोजचीच. फरक होता तो भरावाचा.

आता नऊ-दहाचा फरक खरा की यंत्राची चूक? हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. घरच्या यंत्रांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक असं आहे की १०० किंवा त्यावरच्या आकड्यांत शंभरातली ९५ रीडिंगं खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावीत. म्हणजे खरी शुगर १२० असताना यंत्राने १०२ दाखवलं किंवा १३८ दाखवलं, तरी ते यंत्र पासच. मी एकदा एकाच थेंबाला दोन पट्ट्या लावल्या, तेव्हा १०८ आणि ११७ आले. म्हणून एका रीडिंगवरून कधीच निकाल देऊ नका. तिन्ही दिवस, त्याच वेळेला, त्याच दिशेला फरक दिसला तरच मी तो मानते. एखाद्या दिवशीच दिसला तर वहीत लिहून ठेवते आणि पुढे जाते.

पाण्यात सपाट, मग जेवणात काय?

नुसत्या पाण्यात पर्याय घेऊन आपण कधी राहत नाही. २०१३ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १७ स्थूल व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्या नेहमी स्वीटनर घेणाऱ्या नव्हत्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिण्याआधी एकदा पाणी आणि एकदा सुक्रालोज दिलं. सुक्रालोजच्या दिवशी इन्सुलिन सुमारे २० टक्के जास्त सुटलं. उलट, २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये निरोगी माणसांच्या थेट पोटात सुक्रालोज सोडलं, तेव्हा तसं काही दिसलं नाही. एकाने पर्याय ग्लुकोजबरोबर दिला, दुसऱ्याने एकटा. म्हणून सोबत काय आहे हे बघायलाच हवं.

यासाठी एक नाश्ता ठरवा. रोज तोच, काट्यावर तोललेला, दहा मिनिटांत संपवायचा. तीन सकाळी नुसता नाश्ता आणि पाणी, तीन सकाळी तोच नाश्ता आणि पर्याय घातलेलं पाणी. दिवस आलटून पालटून घ्या. सलग घेतले आणि मध्येच हवा बदलली किंवा घरात काही ताण आला, तर सगळा दोष एकाच बाजूला जातो.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीचा आकडा प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा आणि उरलेल्या वाढींची बेरीज करायची. माझा एक दिवस देते: ११०, १४८, १७१, १५४, १३२. वाढी झाल्या ३८, ६१, ४४, २२, बेरीज १६५. नुसता सर्वात मोठा आकडा धरला तर फसायला होतं, कारण काही वेळा शिखर बुटकं असतं आणि उतार मात्र दोन तास रेंगाळतो. बेरजेत तो पकडला जातो.

तुम्ही आत्ता साखर घेत असाल, तर तिसरी तुलनाही करा: तोच नाश्ता आणि तेवढीच साखर. पाण्याशी तुलना केली की पर्याय शुगर वाढवतो का ते कळतं. पण तुमचं भलं होतंय का, हे साखरेशी तुलना केल्यावरच कळतं.

दोन आठवड्यांचा परिणाम

काही परिणाम पेल्यागणिक दिसत नाहीत, हळूहळू दिसतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ साली १२० निरोगी माणसांवर केलेलं काम यासाठी मला महत्त्वाचं वाटतं. एरवी स्वीटनर न घेणाऱ्या या लोकांना दोन आठवडे सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम किंवा स्टीव्हिया दिलं. पुड्यांत ग्लुकोजचा भराव असल्यामुळे एका गटाला नुसता ग्लुकोजही दिला, आणि एका गटाला काहीच नाही. सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज पेलण्याची क्षमता बिघडलेली दिसली. पण गटातल्या प्रत्येकाची सारखी नाही. तो फरक आतड्यातल्या जिवाणूंशी जोडलेला निघाला. असे परिणाम न दिसलेले प्रयोगही आहेत, हेही तितकंच खरं. एका घरातल्या दोघांना वेगळा अनुभव येणं यात मला आता नवल वाटत नाही.

घरी हे असं करता येतं. दोन आठवडे सगळे पर्याय बंद, टूथपेस्ट आणि च्युइंगगमसुद्धा बघून घ्या. शेवटच्या दोन सकाळी ठरलेल्या नाश्त्यावर बेरीज काढायची. मग दोन आठवडे एकच पर्याय, नेहमीच्या मात्रेत. पुन्हा बेरीज. मग पुन्हा बंद, पुन्हा बेरीज. शेवटचा "बंद" महत्त्वाचा, कारण आकडा परत मूळ जागी आला तरच बदल त्या पर्यायामुळे असावा असं म्हणता येतं.

सुक्रालोजच्या थेंबांवर माझ्या बेरजा १६५, १७१, १६२ आल्या. हा फरक मी धरत नाही. सॅकरिनवर १६८, २०४, १७३ आल्या. विश्वास बसेना, म्हणून चार महिन्यांनी तीच फेरी पुन्हा केली, तेव्हा १७०, १९६, १६६. दोन फेऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण हाताशी दुसरा पर्याय असताना सॅकरिन चालू ठेवायचं कारणही मला दिसलं नाही. मी ते सोडलं. बहिणीने तीच फेरी केली, तिच्या तिन्ही बेरजा जवळजवळ सारख्या. ती मजेत घेते.

इन्सुलिन घरी दिसत नाही

ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज सांगतो. शुगर सपाट राहिली म्हणून इन्सुलिनही सपाट राहिलं असं होत नाही. स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन सोडून शुगर जागच्या जागी धरून ठेवलेली असू शकते. ते बघायचं तर प्रयोगशाळेतच जावं लागतं.

उपाशीपोटीचं ग्लुकोज आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन एकाच वेळी काढतात. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही याचा ढोबळ अंदाज मिळतो. त्याला होमा-आयआर म्हणतात. माझे आकडे ११२ आणि १४ होते, भागाकार ३.९. पर्याय बंद करून महिन्याने ११० आणि १२ आले, भागाकार ३.३. मी आनंदाने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काहीही न बदलता आठवड्याने पुन्हा तपासायला लावलं. १०९ आणि १५, भागाकार ४.०! उपाशीपोटीचं इन्सुलिन दिवसागणिक इतकं हलतं. एका जोडीवरून आनंद करू नये आणि घाबरूही नये. तपासणी एकाच प्रयोगशाळेत, त्याच वेळेला करा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्याने काही इन्सुलिन चाचण्या बिघडतात. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना हा हिशेब लागू पडत नाही.

दंडावर सतत मोजणारा सेन्सर लावत असाल तर चार-पाच वेळा टोचणं वाचतं. फक्त तो रक्तातलं नाही, पेशींभोवतीच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, त्यामुळे पाच-पंधरा मिनिटं मागे असतो. त्याच कुशीवर झोपलात तर दाबाने खोटा खालचा आकडा येतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर फसतात.

शुगरच्या पलीकडचं

आपल्या वहीत एखादा पर्याय पास झाला म्हणजे तो सगळ्याच बाबतींत पास झाला असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पर्यायांवर विसंबू नये. ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हे वाक्य मात्र बातम्यांत हरवलं. एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांच्या संबंधाकडे बोट दाखवणारं संशोधनही त्याच वर्षी आलं. त्याने कारण सिद्ध झालेलं नाही, पण मला हृदयाचा त्रास असता तर मी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते रोज घेतलं नसतं. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ॲस्पार्टेम टाळायचंच. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल (हाही एक शर्करा-अल्कोहोल) त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. माणसात त्याने इन्सुलिन फारसं हलत नाही. कुत्र्यात मात्र इन्सुलिनचा लोंढा सुटतो, शुगर कोसळते आणि जीव जाऊ शकतो.

शेवटची गोष्ट बहिणीला मी दोनदा बजावली. घरातलं सगळं गोड बदलून पर्यायांचं केलंत, की अचानक शुगर उतरल्यावर हाताशी उपयोगाचं गोड उरत नाही. घाम, थरथर, धडधड होऊन आकडा ७० च्या खाली गेला, तर पर्याय घातलेलं पेय कितीही गोड लागलं तरी त्याने शुगर वर येणार नाही. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. अकार्बोज किंवा त्या जातीची, कर्बोदकांचं पचन मंदावणारी गोळी चालू असेल तर साधी साखरही वेळेवर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतो. ग्लुकोजच्या गोळ्यांची एक डबी यंत्राच्याच पिशवीत ठेवा, आणि ती कशाची आहे आणि कधी द्यायची, हे घरातल्या एकाला तरी दाखवून ठेवा.